हार ओवताना आई गप्प असते

आमच्या घरात महत्त्वाचं कुणी कधी तोंडाकडे बघून बोललंच नाही. जे काय बोलणं व्हायचं ते हार ओवता ओवता. गंगापूर रोडला एका मंगल कार्यालयाजवळ आईचा फुलांचा ठेला आहे. कॉलेजपासून रोज संध्याकाळी मी तिच्याशेजारी पोत्यावर बसत आले. तिचे हात सुईवर, नजर गिऱ्हाइकावर आणि तोंड माझ्यामागे. हार पुरा होईस्तोवर माझ्या सासरचा उद्धारही करून व्हायचा. नवरा सोडतेय हे मी तिला सांगितलं तेही गुलाबाचे देठ खुडताना. तिने मान वर केली नाही. "लय सोसलं. आता नाय सोसायचं," म्हणाली आणि पुढचं फूल ओवलं. तिने मला समोर बसवून, हात धरून विचारलं असतं, तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

गेल्या लग्नसराईत ती वरमालांची जोडी करत होती. मला शेजारच्या सुनेचं काहीतरी सांगत होती, चांगली रंगात आली होती. हार गेले आणि थोड्याच वेळात नवरीची मावशी ते घेऊन तणतणत परत आली. नवरीचा हार वीतभर आखूड होता. जोडीत असं होणं म्हणजे अपशकुन, तिने चार माणसांत आईला नाही नाही ते सुनावलं. आईने तिथल्या तिथे दुसरा हार ओवून दिला.

मग असल्या चुका वाढल्या, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्यावर ते मला म्हणाले, "मेंदू दोन कामं एकदम करतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो भराभर इकडून तिकडे वळत असतो. त्यांचं ते वळणंच मंदावतंय. आजार विस्मरणाचा आहे, वाढत जाणारा. त्यांना एका वेळी एकच काम करू द्या." मला त्यांचाच राग आला. जन्मभर एकीकडे चूल, एकीकडे पोरं, एकीकडे फुलं सांभाळलेल्या बाईला एकच काम करायची मुभा मिळाली, ती अशी.

बोलणं आणि फुलं, या दोन्हींतून आईने फुलं निवडली. "ओवताना बोलू नको गं, हात चुकतो," म्हणाली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता मी शेजारी नुसती बसते. ती ओठांतल्या ओठांत फुलं मोजते.

परवा मात्र तिने अर्ध्यातच सुई ठेवली. पदराला हात पुसले, अख्खी माझ्याकडे वळून बसली. "तुझं काय तरी हाय. बोल."

होतंच. आई, पुढे तू मला ओळखशील ना, एवढंच मला विचारायचं होतं. तिचे हात चालू असते तर पाकळ्या निवडता निवडता विचारून टाकलं असतं. पण ती सगळं सोडून माझ्याकडे बघत होती आणि मला त्या नजरेकडे बघवेना.

"काही नाही गं," मी म्हटलं.

तिने परत सुई उचलली. मोजणी कुठवर आली होती ते तिला आठवेना. ओवलेली सगळी फुलं तिने काढली आणि हार पहिल्यापासून सुरू केला.