गाईच्या पोटातला हात

परवा पापाकुरा स्टेशनबाहेर एका शेतकऱ्याच्या गाडीतून मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, आंबूस वास आला आणि माझा उजवा हात थेट खांद्यापर्यंत शहारला.

काही वर्षांपूर्वीचा कृषी विद्यापीठाचा गोठा. मी पुण्याहून परदेशात आलेला नवा विद्यार्थी आणि समोर संशोधनाची गाय. तिच्या बरगडीमागे शस्त्रक्रिया करून थेट पोटात उघडणारं गोल झाकण बसवलेलं होतं. ते उघडायचं, हात आत घालायचा आणि पोटातला चारा तपासणीसाठी काढायचा. दोनदा मी पळून गेलो होतो. आजही नमुना मिळाला नाही, तर माझं संशोधन बंद आणि परतीचं तिकीट!

मी रडवेला होऊन हात जोडले. "माते, क्षमा कर."

"मेट, तिला मराठी येत नाही," गोठा सांभाळणारा टोनी म्हणाला. "घाल हात!"

घातला. गाय शांतपणे रवंथ करत राहिली. मूठभर चारा लगेच मिळाला.

"स्वीट अ‍ॅज! एकदम झकास! काढ आता." पण माझा हात काही बाहेर येईना.

हा किस्सा मी हावभावांसकट सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. एक गोष्ट मात्र सांगत नाही. हात मी मुद्दामच काढत नव्हतो. या देशात आल्यापासून इतक्या उबेत मला कुणीच धरलं नव्हतं.