भिंतीवरची विद्या

काही माणसं परीक्षा देतात, काही माणसं नुसती परीक्षेची तयारी करतात. हा दुसऱ्या वाणाचा. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका मोठ्या गोदामात तो संगणक विभागाचा प्रमुख होता. बंद पडलेलं मशीन चालू करायचं, चालू असलेलं बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढ्या विद्येवर त्याची खुर्ची वर्षानुवर्षं टिकली. लोक त्याला 'परीक्षार्थी' म्हणत, कारण नेटवर्कची कुठलीशी मोठी परीक्षा तो कायम देणारच असे. घरी सिलिंडर उचलायचा असो की सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं असो, उत्तर ठरलेलं, "माझी परीक्षा आहे."

मग मालकांनी एक नवा माणूस घेतला. तो याच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि त्याच परीक्षेचं सर्टिफिकेट तो खिशात घालूनच आला होता.

"महिनाअखेर तुमचं सर्टिफिकेट दाखवा," मालक परीक्षार्थीला म्हणाले. "नाहीतर खुर्ची मेव्हण्याला द्या. घरातली घरातच राहील."

आता मात्र त्याच्या बुडाखाली जाळ लागला. अभ्यासाच्या खोलीत त्यानं चारी भिंतींवर कागद लावले. चिकटपट्टी पंख्याच्या वाऱ्यानं सुटायची, म्हणून खळ केली. म्हणजे बायकोनं केली. खिडकीखाली पोर्टचे आकडे, दारामागे फायरवॉलचे नियम, कपाटाच्या वर केबलचे प्रकार. शेतकरी बांधावरून फिरावा तसा तो रोज त्या भिंतींच्या कडेनं फिरायचा.

"पाठ झालं का?" बायको विचारायची.

"विचार काहीही."

ती विचारायची. तो डोळे मिटायचा, मान खिडकीकडे वळवायचा आणि आकडा खडाखडा सांगायचा. मान वळल्याशिवाय मात्र एक अक्षर फुटत नसे. ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

परीक्षा घरीच, संगणकासमोर. कुठल्याशा दूरच्या गावची बाई कॅमेऱ्यातून नजर ठेवणार. मेव्हणा मदतीला आला होता. गडी सरळ होता, हीच पंचाईत.

"सर, फोन फिरवून भिंती दाखवा," बाई म्हणाली.

त्यानं मोठ्या अभिमानानं दाखवल्या.

"हे कागद काढा."

"मॅडम, ते शोभेचे आहेत."

"काढा."

पण खळ बायकोच्या हातची होती, लग्नासारखी घट्ट. कागद निघेना, निघाला तर रंगाची खपली घेऊन. बायको ओलं फडकं घेऊन धावली, मेव्हणा कालथा घेऊन.

"दाजी, तुम्ही बसा, पाणी प्या. मी खरवडतो."

"तू खरवडच," दाजी दात खात म्हणाले. "तुला खुर्चीपर्यंत खरवडायचंय."

अखेर भिंती खरूज झालेल्या कुत्र्यासारख्या दिसू लागल्या, दोघं बाहेर गेली, दार लागलं आणि परीक्षा सुरू झाली.

पहिला प्रश्न पोर्टचा. मान गेली खिडकीकडे.

"सर, स्क्रीनकडे बघा."

दुसरा फायरवॉलचा. गडी अख्खाच्या अख्खा मागे वळला.

"सर, मागे कोण आहे?"

"कोणी नाही, मॅडम. फायरवॉल होती."

"ही शेवटची ताकीद."

मग त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ठेवलं. बाई म्हणाली, हात कानावरून काढा. काढले. पुढं केबल आली. मान त्यानं खुंटीसारखी रोखली, पण डोळे? ते कपाटाच्या वर जाऊन बसले. समोरचा पडदा पांढरा झाला. परीक्षा रद्द.

तो बाहेर आला. बायकोनं चेहरा पाहिला आणि ओळखलं.

"तुमच्याऐवजी भिंतीलाच बसवायचं होतं," ती म्हणाली. "काठावर का होईना, पास झाली असती."

"मला सगळं येतं! त्या बाईला माणसावर विश्वास नाही."

"तिचं लग्न झालं असेल."

महिना संपला. सकाळी परीक्षार्थी गोदामात आला, तर मेव्हणा त्या खुर्चीशेजारी अवघडून उभा.

"बसा की, दाजी. मला काय, उभ्यानं काम करायची सवय आहे."

दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. हा बसला. पाठ टेकून, खुर्चीच्या हातांवर हात ठेवून ऐसपैस बसला. तेवढ्यात मालक आत आले. त्यांनी एकदा उभ्याकडे पाहिलं, एकदा बसलेल्याकडे.

"उठा."

परीक्षार्थी उठला. हातानं बैठक झटकली आणि मेव्हण्याच्या खांद्यावर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बस बाळा. तुझ्यासाठीच गरम करून ठेवत होतो."