थकवा नव्हता, हे आईनं ओळखलं

माझी आई मनकर्णाबाई अकोल्याच्या जुन्या शहरात तीस वर्षांपासून बाळंतिणींची मालीश करते. शाळा चौथीपर्यंत. मी प्रियदर्शनी, तिची धाकटी, शिक्षिका आहे. मला वर्गातल्या मुलांची नावं पाठ असतात, आईला बायकांच्या पाठी.

गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे दोन तरुण बाळंतिणी होत्या, अपेक्षा आणि प्रणाली. दोघींची बाळं दीड महिन्याची. दोघींच्या डोळ्यांखाली काळं, दोघी चिडचिड्या. अपेक्षा तर आईला बघताच रडायची की बाळ झोपूच देत नाही. आईनं तिच्या सासूला सांगितलं, दुपारी तीन तास नातवाला तुम्ही घ्या, पाजायलाच तेवढं हिला उठवा. आठवड्यात अपेक्षा सावरली. मालीश चालू असतानाच घोरायची, उठली की जेवायला मागायची, बाळाच्या जांभईवर हसायची.

प्रणाली अमरावतीहून माहेरी आली होती. तिच्यासाठीही आईनं तेच केलं. बाळ आजीपाशी, खोलीत अंधार, घर शांत. पण ती छताकडे बघत पडून राहायची. ताटातले दोन घास खाल्ले की पुरे. बाळाला वेळेवर पाजायची, मात्र त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. पहिल्या आठ-दहा दिवसांतलं रडू पुष्कळ जणींना येतं आणि ओसरतं, हे आईला माहीत होतं. इथे तर सातवा आठवडा लागला होता आणि दुखणं वाढतच होतं.

असा आराम देऊन चौथ्या दिवशी आईनं हात पुसले आणि सरळ विचारलं, "पोरी, मनात काय इचार येते? सांग मले. मी रागावत नाई."

प्रणाली छताकडेच बघत म्हणाली, "मावशी, मी नसली तर बाळाचं चांगलं होईन."

जीव द्यायचा विचार येतो का, हेही आईनं विचारलं. प्रणालीनं मान हलवून हो म्हटलं. आईनं तिचा हात धरला आणि सोडला नाही.

आईनं प्रणालीच्या आईला तिथेच बोलावून हे सांगितलं, पण तिला पटेना. आम्हीही पोरं काढली, आम्हाला असलं काही झालं नाही, दृष्ट लागली असेल, असं ती म्हणाली. वर, उद्यापासून येऊ नका, असंही सांगितलं. आई म्हणाली, उद्याचं उद्या, आज मी हिच्याजवळून हलत नाही. मग तिथूनच तिनं प्रणालीच्या नवऱ्याला, अश्विनला, अमरावतीला फोन लावला. तो म्हणाला, थकली असेल, रविवारी येतो.

"जवाईबाप्पू, थकलेली बाई झोप मागते. इले झोपाले भेटते, पण झोप येत नाई. हे दुखनं हाय. आजच या."

अश्विन दुपारची बस धरून आला. तोवर आई प्रणालीच्या उशाशी बसून होती. संध्याकाळी प्रणाली, अश्विन आणि आई सरकारी दवाखान्यात गेली. मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी प्रणालीशी तासभर बोलून सांगितलं, हे बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे, आळस नाही की नाटक नाही, आणि बरं होतं. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं दिली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, आणि तिला एकटं ठेवू नका असं बजावलं. अश्विननं महिनाभराची रजा काढली. प्रणालीच्या आईनं पहिले आठ दिवस माझ्या आईशी अबोला धरला, नवव्या दिवशी स्वतःच बोलवायला आली. चार महिने लागले. मधेच एक-दोन आठवडे वाईट गेले. मग एकदा मालीश सुरू असताना प्रणाली झोपली. तो दिवस आई अजून सांगते.

यंदा त्याच डॉक्टरबाईंनी आशाताईंच्या प्रशिक्षणात आईला बोलायला बोलावलं. मी रजा टाकून मागच्या रांगेत बसले होते. इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आई माईकपासून हातभर लांब उभी राहिली. एका आशाताईनं विचारलं, ओळखता नाही आलं तर?

आई म्हणाली, "मलेबी सगळं समजत नाई. आराम देऊन पाहा. दोन हप्ते झाले तरी मन उठत नसन, तर डॉक्टरकडे न्या. अन् जीव द्याचं बोलली, तर त्याच दिवशी."

खोलीतल्या साठ बायका ते वहीत उतरवून घेत होत्या. मीही घेतलं.