तपस्वी माकाकाय, डिलाईल रोड

आमच्या पणजोबांनी आयुष्यात एकही तप केलं नाही. ते डिलाईल रोडच्या चाळीत राहायचे, कापडगिरणीत साचे म्हणजे माग चालवायचे आणि उरलेल्या वेळात बिड्या ओढायचे.

तरीही गेल्या महिन्यात, जुन्या विलायती प्रवासपुस्तकांतल्या फोटोंच्या प्रदर्शनात, माझी ऐंशी वर्षांची आत्या एका फोटोपुढे मालवणीत ओरडली, "अरे, हो तर आमचो आजो! कान बघ, उंदरान कुरतडलेलो!"

फोटोत पणजोबा उघडेबंब, मांडी घालून, डोळे मिटून, अंगभर पांढरे. पुढ्यात तांब्या. खाली पाटी: 'मुंबईचा भस्मधारी तपस्वी, माकाकाय.'

"भस्म?" आत्या कडाडली. "रातपाळी करून इलेल्या माणसाच्या अंगावरचो कापूस तो! न्हाणीसाठी नंबर लावून बसलो हा!"

"आणि माकाकाय?"

"फोटोवाल्या सायबान नाव इचारल्यान आसतला. आजो म्हणालो आसतलो, 'माका काय इचारतंस?'"

साहेबानं अर्धं ऐकलं आणि तेवढंच छापलं! चार दिवसांत मुंबई उरकून तो गेला, आणि तिकडे लोक पिढ्यानपिढ्या समजत राहिले की डिलाईल रोडला ऋषीमुनी राहतात. (सार्वजनिक मोरीसमोर!)

माझं डोकंच फिरलं. जन्मभर उभ्यानं राबलेल्या माणसाला या पुस्तकानं कायमचं बसवून ठेवलं होतं! मी प्रदर्शनवाल्या बाईंना गाठलं.

"पाटी बदला. हे माझे पणजोबा."

"सर, काही पुरावा?"

मी शर्ट काढला. फोटोखाली मांडी ठोकली, डोळे मिटले. "बघा! तेच नाक, तेच पोट!"

बाई काही बोलायच्या आत एका गृहस्थांनी माझ्यापुढे केळं ठेवून नमस्कार केला. पाठोपाठ आणखी दोघं वाकले.

"पाया पडा नकात!" आत्या काठी आपटत सांगू लागली. "तो बँकेत क्लार्क आसा!"

"मग महाराज, मुलाचं बँकेच्या परीक्षेचं बघा ना!" गृहस्थ म्हणाले.

आता माघार नाही! मी उठलो, शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि पाटीवरच ठसठशीत लिहिलं: 'भिकाजी, साचेवाला. आंघोळीच्या रांगेत.' लिहिताना खरंच भरून आलं. आत्यानं डोळे पुसले आणि बाईंनी वॉचमनला हाक मारली.

पाटी खराब केली म्हणून त्यांनी माझा फोटो काढून दारावर लावलाय, मला पुन्हा आत सोडू नये म्हणून. बेशक लावा! फोटोखालचं नाव मी समोर उभं राहून, स्पेलिंगसकट तपासून घेतलं. फक्त शर्ट घालायचा राहून गेला.