चंद्रपूर नावाची भट्टी

वाघोलीच्या वसतिगृहातून सकाळी साडेसातला निघालो, तेव्हा पिशवीत आमच्या सरांची चिठ्ठी होती आणि हातात स्टीलचा डबा. चिठ्ठी कॉलेजच्या कामाची होती. डबा घरून आणला होता आणि तो कोणाला दाखवायचा की नाही, हे माझं ठरत नव्हतं.

पुण्यात येऊन तीन वर्षं झाली. गावाकडचे लोक विचारतात, पुणं कसं आहे, आणि मी अडखळतो, कारण मला खरं तर वाघोलीच माहीत आहे. तिथले ट्रक, धूळ, नव्या इमारतींच्या मधली ज्वारीची वावरं (शेतं). म्हणून शहराच्या या टोकापासून बिबवेवाडीपर्यंतचा हा प्रवास लिहून ठेवतो.

बस खराडीपर्यंत आली आणि थांबली. पुढे नुसत्या गाड्याच गाड्या. शेजारी बसलेल्या आजोबांनी डब्याकडे पाहून विचारलं, लाडू का? मी हो म्हणालो. मग स्टेशन येईपर्यंत ते मला कुठल्या लाडवात किती तूप लागतं ते सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिलो. डब्यात लाडू नव्हते. आईच्या जुन्या पातळाच्या धुवट फडक्यात गुंडाळलेल्या पाच नळ्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी माझे बाबा विजेच्या खांबावरून पडले. मणक्याला मार बसला. आता काठी घेऊन चालतात, पण लघवी आपोआप होत नाही. दिवसातून चार-पाच वेळा एक बारीक नळी स्वतःच्या हातानं आत सरकवावी लागते. आधी ते साधी नळी आणि जेली वापरायचे. मागच्या हिवाळ्यात मीच हट्टानं लेप दिलेल्या नळ्या पाठवायला लागलो. पाण्यात बुडवली की अशी नळी निसरडी होते, वेगळं काही लावावं लागत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्या शिक्षणातलं एवढं तरी घरी पोहोचावं, असं वाटत होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो, तर बाबा मोरीत गेले की नळ पूर्ण सोडायचे. आमच्याकडे मे महिन्यात पाणी दिवसाआड येतं, टाकीतलं जपून वापरावं लागतं. एरवी तांब्याभर पाण्यासाठी बोलणारी आई त्या नळाला काहीच बोलत नव्हती. एकदा मी दाराशी उभा राहिलो, तेव्हा पाण्याच्या आवाजाखाली बाबांचं कण्हणं ऐकू आलं. विचारलं तर म्हणाले, "चांगल्या आहेत ना नळ्या. तू पाठवल्या."

येताना मी त्यातल्या पाच गुपचूप घेऊन आलो.

स्वारगेटला बस बदलली आणि चुकीच्या थांब्यावर उतरलो. एका दुकानदाराला नळ्यांच्या कारखान्याचा पत्ता विचारला. त्यांनी वर्तमानपत्रातून मान न काढता सांगितलं की, असेच सरळ गेलात तर कात्रजचा घाट लागेल, तिथली हवा छान आहे; कारखाना हवा असेल तर मात्र मागे वळा. मी मागे वळलो.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडांच्या रांगेतल्या दोन खोल्या. एका बाजूला शिलाईवाला, दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणारा. आत मात्र चपला बाहेर, डोक्याला टोपी, आणि भिंतीवर पाटी: ‘काम चालू असताना प्रश्न विचारू नयेत. काम नेहमी चालू असते.’ मालकीण देवधर बाई साठीच्या पुढच्या, रसायनशास्त्र शिकलेल्या. त्यांनी सरांची चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तर आपण इंजिनिअर."

"अजून नाही, मॅडम. शेवटचं वर्ष."

"बरं झालं. अजून वाव आहे."

माझ्या प्रकल्पाचा विषय होता, शरीरात घालायच्या नळ्यांवरचे निसरडे लेप प्रतिकूल वातावरणात किती टिकतात. बाईंच्या नळ्या आणि शरीरात सरकवायच्या बारीक तारा वाळवंटातल्या छावण्यांत जातात, बर्फातल्या चौक्यांवर जातात, आडगावच्या दवाखान्यांत जातात. पाठवण्यापूर्वी बाई त्यांना इथेच त्रास देऊन पाहतात. कोपऱ्यात एक शीतपेटी होती. बाई म्हणाल्या, हे लेह. धुळीच्या पेटीचं नाव जैसलमेर. आणि दाराजवळची, आठवडेच्या आठवडे तापत राहणारी भट्टी, तिच्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "हे चंद्रपूर."

मी भट्टीवरचा आकडा वाचायला वाकलो. त्यांनी विचारलं, आपण कुठले?

"चंद्रपूरकडचा."

बाईंनी भट्टीवरचा हात काढला. मग स्टूल पुढे सरकवत म्हणाल्या, "मग बसा. आपलंच घर आहे."

पुस्तकात ज्याला प्रतिकूल वातावरण म्हणतात ते आमचं अंगण आहे, हे मला तिथे, त्या स्टुलावर कळलं. वाईट वाटलं नाही. उलट त्यामुळेच धीर आला आणि मी डबा उघडला.

बाईंनी आधी आपल्याकडची नवी नळी पाण्यात बुडवली, तीस सेकंद मोजले आणि माझ्या बोटांत दिली. ती धरताच येईना. त्यांनी विचारलं, सब्जा भिजवलेला पाहिलाय? तसंच हे. लेप पाणी पितो, फुगतो आणि ते पाणी अंगावर धरून ठेवतो. मग त्यांनी ती नळी यंत्रात लावली. कोमट पाण्यात दोन मऊ गाद्यांच्या चिमट्यातून ती हळूहळू वर ओढली गेली आणि पडद्यावर घर्षणाची जवळजवळ सपाट रेघ उमटली.

नंतर आईच्या फडक्यातली नळी. तीही तीस सेकंद पाण्यात ठेवली. रेघ वर चढली आणि करवतीच्या दात्यांसारखी तुटत गेली. मला ती रेघ बघवेना. दिवसातून पाच वेळा, हिवाळ्यापासून.

"ही वेष्टनातून कोणी काढली?" बाईंनी विचारलं.

मग सगळं सांगितलं. आमच्याकडे बाहेरून आलेली वस्तू आधी धुतली जाते आणि मग तिला ऊन दाखवलं जातं. उन्हाळ्यात अंगणात वड्या, कुरडया, सांडगे वाळतात. आई कुरिअरचा खोका आला की सगळ्या नळ्या वेष्टनातून काढायची, कढत पाण्यातून काढून वाळवणाच्या शेजारी पांढऱ्या धोतरावर पसरायची आणि डब्यात भरायची. तिला ते करताना मीही पाहिलं होतं. बरंच वाटलं होतं पाहून.

"भिजवलेला सब्जा त्या उन्हात वाळवून पुन्हा भिजवा," बाई म्हणाल्या. "फुगतो का बघा. शिवाय वेष्टन फोडलं की ती निर्जंतुक राहत नाही. फोडायची आणि लगेच वापरायची, एकदाच. खोक्यात माहितीपत्रक असतं."

"इंग्रजीत असतं."

"घरात इंग्रजी कोणाला येतं?"

"मला."

"वाचलंत?"

आईनं फोनवर विचारलं होतं, काही करावं लागते काय रे? मी वसतिगृहाच्या जिन्यात, घाईत होतो. म्हणालो होतो, मी वाचलंय सगळं, काही नाही करावं लागत.

"नाही वाचलं," मी म्हणालो.

बाई रागावतील असं वाटलं. त्यांनी यंत्र बंद केलं, समोरच्या अमृततुल्यातून (पुण्यातलं चहाचं दुकान) दोन चहा मागवले आणि एक माझ्यापुढे ठेवला. निघताना नव्या नळ्यांची दोन पाकिटं दिली आणि ती उन्हापासून दूर, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवायला सांगितली. आणखी एक सांगितलं. "आईंना सांगताना चूक कोणाची, ते आधी सांगा. बाकीचं नंतर."

परतीच्या बसमध्ये मी पाकिटांसोबतचं ते पत्रक पहिल्यांदा वाचलं. चार परिच्छेद होते. खराडीच्या गर्दीत वाचून झाले.

घरी फोनवरच सांगून टाकलं, राहिलेल्या नळ्या वापरू नका, मी येईपर्यंत जुनी साधी नळी आणि जेली. का, ते घरी आल्यावर सांगतो म्हटलं. तिसऱ्या दिवशी गाडीनं घरी पोहोचलो आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधी माझी चूक सांगितली. आई बराच वेळ डब्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिली. "मले वाटलं, ऊन दाखवलं की निर्धोक," एवढंच म्हणाली. बाबा म्हणाले, "तुझ्या उन्हानं काही झालं नाही वं. मीच बोललो नाही." मग मी पत्रक मराठीत लिहून काढलं आणि रांजणाजवळच्या कोनाड्यात, नव्या पाकिटांच्या वर लावलं. आईनं ते बोट ठेवून दोनदा वाचलं.

बाबांच्या वेळेला तिनं पाणी तयार केलं. बाबांनी वेष्टन फोडून नळी बुडवली आणि आईनं मोजायला सुरुवात केली, तांदळाची मापं मोजावी तशी, मोठ्यानं. तीस झाल्यावर बाबा मोरीत गेले. दार लागलं. आम्ही दोघं ओसरीवर बसून राहिलो. बाहेर पत्रा उन्हानं तडतडत होता. मी नळाच्या आवाजाची वाट पाहत होतो.

तो आला नाही. आई अजून हळूहळू मोजतच होती, चाळीस, एकेचाळीस.