खुंटीवरचा मास्क

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती तर गेलीसुद्धा. मुलांना नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट माहीत नाही. पण एवढ्यात श्वास अडकतो तो वयानं की ह्या गोष्टीनं, हे मला कळेनासं झालंय.

लालबागच्या एका गिरणीत मी ब्लीचिंग खात्यात होतो. कोरं कापड पांढरं करायचं काम. त्यासाठी क्लोरीन लागायचा. लोखंडी टाक्यांतून यायचा, आम्ही त्याला नुसतं 'गॅस' म्हणायचो. हिरवट-पिवळा आणि जड. वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, खाली उतरतो. टाकी बदलायची ती दोघांनी: एकानं मास्क घालून नट सैल करायचा, दुसऱ्यानं गॅसच्या खोलीच्या दारात उभं राहून लक्ष ठेवायचं. मास्क एकच. रबरी, पुढं डबा लावलेला. दाराबाहेरच्या खुंटीवर असायचा, आणि साहेबांचा दंडक एवढाच — तो तिथून हलवायचा नाही.

माझा जुना जोडीदार गावी मालवणला परत गेला आणि त्याच्या जागी शिवराम आला. चिपळूणकडचा, करी रोडच्या चाळीत राहणारा. नुकतीच त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. हे कशाला सांगतो? — कारण माझं सगळं तिथंच सुरू होतं.

पहिल्या दिवशी टाकी त्यानं बदलली. तासाभरानं दुसरी, पाळी माझी. मास्क हातात घेतला तर आतलं रबर अजून ओलं. त्याच्या तोंडाच्या वाफेनं. आणि मला — कसं सांगू — तो तोंडाला लावता येईना. नळाखाली नेऊन सोड्यानं घासला. शिवराम बघत होता. मी म्हटलं, रबर चिकट झालंय.

पुढं धुणंही पुरेना. खोलीबाहेर बाकाखाली माझी लाकडी पेटी असायची, तिच्यात मी मास्क ठेवू लागलो. कुलूप लावून. शिवरामला सांगितलं, वाफेनं रबर चिरतं म्हणून. बाकी कुणी खुंटीकडे बघायचंही नाही. माझी पाळी असली की पेटी उघडायची. त्याची असली की चावी घरी राहिलेली असायची. तो पंचा ओला करून तोंडाला बांधायचा, दम धरायचा आणि काम उरकायचा.

एकदाच बोलला. हातातला पाना पुसत, खाली बघत.

"गोविंददादा, धुवायचा तर दहादा धू. पण खुंटीवर असू दे. वेळेला शोधत बसायला नको."

मी 'बरं' म्हटलं. आणि पेटीतच ठेवला.

मी वाईट माणूस आहे असं मला तेव्हा वाटतही नव्हतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी आम्ही दोघं एकाच मोर्चात चालायचो, एकाच घोषणेनं घसा बसवून घ्यायचो. परळला एकदा पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मी आंधळा होऊन रस्त्याच्या कडेला पडलो, तर ह्या शिवरामनं आपला पंचा नळाखाली भिजवून माझ्या नाकातोंडावर दाबला. मी त्यातून श्वास घेतला. भराभरा घेतला. पंचा कुणाचा, हे मनात आलं का? नाही आलं. मग दुसऱ्या दिवशी पेटीला पुन्हा कुलूप का? होतं, एवढंच.

आता ते सांगतो. इतका वेळ टाळतोय.

दुपारची वेळ. मी कँटीनमध्ये चहाला गेलो होतो. ओरडा ऐकून परत आलो तर माणसं तोंड दाबून बाहेर पळत होती. भरलेल्या टाकीचा व्हॉल्व गळत होता. आमच्या खोलीच्या खालच्या अंगाला धुलाईचे हौद, आणि त्या वेळी पाच-सहा माणसं आत उतरून गाळ काढत होती. गॅस सरळ त्यांच्याकडे जात होता. शिवराम खोलीतून बाहेर आला. त्याला पळता आलं असतं. त्यानं खुंटीकडे बघितलं, मग मला बघितलं. मी वीस पावलांवर. त्यानं हात पुढं केला.

"दादा, चावी."

चावी माझ्या करगोट्याला होती. वीस पावलं. मी हललो नाही. भ्यालो, हे खरं — पण नुसता भ्यालो असतो तर चावी फेकता आली असती की! चावी दिली तर सगळ्यांसमोर पेटी उघडणार, मास्क कुठं होता ते सगळ्यांना दिसणार. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला. तो थोडा थांबला. मग पंचा बांधला आणि आत गेला.

व्हॉल्व त्यानं बंद केला. हौदातली माणसं खोकत, ओकत, पण जिवंत वर आली.

गॅस विरल्यावर सगळ्यांत आधी मी खात्यात धावलो. लोकांना वाटलं, जोडीदारासाठी. मी पेटीकडे गेलो. कुलूप काढलं, मास्क खुंटीवर टांगला आणि मगच त्याच्याकडे वळलो. तो उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसला होता. ओठांवर फेस, डोळे उघडे. त्यानं सगळं बघितलं.

नऊ दिवस तो इस्पितळात होता. बोलता येत नव्हतं. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा खाटेच्या पायथ्याशी उभा राहून परत आलो. दहाव्या दिवशी तो गेला. चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं, मास्क जागेवर होता, त्यानं घातला नाही. निष्काळजीपणा त्याचाच, असं ठरलं. भरपाई न देता गिरणीनं हात झटकले.

मग त्याची बायको आली. सुभद्रा. चाळीतल्या माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"भाऊजी, ते दिवा मालवला तरी दोनदा बघून यायचे. मास्क असून घातला नाही, हे मला पटत नाही. तुम्ही तिथं होतात. तुम्ही सांगाल ते खरं."

मी म्हटलं, "वहिनी, मास्क खुंटीवरच होता."

ती मग पदरानं तोंड पुसून गेली.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पुढची कितीतरी वर्षं ती आमच्यापासून दोन चाळी पलीकडे राहिली. लोकांची धुणीभांडी करून मुलं वाढवली. वाटेत भेटली की माझ्या तब्येतीची चौकशी करायची. पोरं रस्त्यावर धावली की ओरडायची, बापासारखे बेफिकीर होऊ नका रे. शेवटी शेवटी भिंतीवरच्या त्याच्या फोटोशी भांडायची, असं तिच्या सुनेनं मला सांगितलं — एवढा एक मास्क घालायला काय झालं होतं तुम्हाला?

ती गेली तेव्हाही त्याच्यावर रागावलेलीच होती.