गेणबाचा रविवारचा फोन

दत्ता मरगळे निवृत्त होऊन चांद्याला आला, तेव्हा गावानं वेशीवर त्याचा मोठा फलक लावला. फोटो ओळखपत्रावरचा होता, कारण दुसरा कुणाकडं नव्हताच. पस्तीस वर्षं त्यानं फोटोत उभं राहायचं टाळलेलं. खाली लिहिलं होतं, 'गुप्तवार्ता खात्याचे माजी प्रमुख, चांदे गावचे सुपुत्र'. पुतणसून सोनाली फलक बघून म्हणाली, "नाना, आता गुप्त काय ऱ्हायलं मग?"

दत्ता हसला. पण तो सत्काराला आला नव्हता. थोरला भाऊ गेणबा छातीनं आजारी होता. डॉक्टरांनी सोनालीला बाजूला घेऊन सांगितलेलं, की आता घरीच ठेवा, मागतील ते खायला द्या.

दोघं धुळाजी मरगळ्याची पोरं. धुळाजीच्या दाराशी शंभरावर मेंढरं. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि कोळवणच्या खोऱ्यात उतरायचं. भात निघालेल्या खाचरात जाळ्याची वाघर उभी करून कळप आत बसवायचा. लेंडीखत शेतकऱ्याला, धनगराला त्याच्याकडनं पायलीभर भात, चहा आणि ओटीवर टेकायला जागा. कुणाच्या खाचरात कोणता कळप बसणार हे बापजाद्यांपासून ठरलेलं. मरगळ्यांचा कळप कोळवणच्या वाल्मीकच्या खाचरात.

दत्ताला शाळेत घातला तो गेणबानं. बापाला म्हणाला, "ह्यो मेंढरामागं कामाचा न्हाई. लांडगा आला तरी पुस्तकातनं मान वर करायचा न्हाई. त्यापरीस शाळंतच मरू द्या." धुळाजीनं ऐकलं. दत्ता पौडाला वसतिगृहात राहिला, गेणबा आठ-पंधरा दिवसांनी भाकरीचं फडकं घेऊन फाटकाशी उभा राहायचा. पुढं पुणं, पुढं मोठी परीक्षा, पोलिसाची वर्दी. आणि चार-सहा वर्षांत वर्दीही गेली, कारण ज्या खात्यानं त्याला उचललं तिथं वर्दी घालत नाहीत. बायको सुनीती शहरातली. तिनं एकदा विचारलं, "तुम्ही ऑफिसात नक्की करता काय?" तो म्हणाला, "वाचतो." तिनं पुन्हा विचारलं नाही.

आई बानूबाई गेली तेव्हा गेणबा मेंढरं घेऊन घाट उतरलेला. निरोप पोचायला चार दिवस लागले. तो आला तेव्हा राखही सावडून झालेली. दत्तानं त्याच आठवड्यात त्याला बटणांचा मोबाईल घेऊन दिला, दोरी ओवून गळ्यात अडकवला आणि सांगितलं, "दादा, दर रविवारी मी फोन लावणार. उचलायचा."

गेणबाला बोलायला मनापासून आवडायचं. दिवसभर मेंढरांशी बोलून माणूस किती बोलणार? रविवारी सकाळी फोन वाजला की त्याची घागर उपडी व्हायची. कुठल्या गावात विहिरी आटल्या, कुठं सरपंचावर लोक खवळलेत, कुठं दोन आळ्यांत यंदा पालखीवरून काठ्या निघणार. मेंढका वीस गावांच्या शिवारात झोपतो, त्याच्यादेखत लोक आवाज खाली घेत नाहीत. घोंगडीवर बसलेल्या धनगराला कोण मोजतं?

दत्ता पहिल्यांदा नुसता ऐकायचा, भावाचा आवाज म्हणून. मग एका रविवारी त्यानं पेन्सिल ओढली. त्या दिवशी आपण भाऊ म्हणून ऐकत होतो की खात्याचा माणूस म्हणून, हे त्याला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही.

खात्यात त्याचं नाव झालं. बाकीचे अधिकारी वर्तमानपत्रं चाळून अहवाल लिहायचे. हा लिहायचा, की अमुक खोऱ्यात महिन्याभरात लोक रस्त्यावर येतील, आणि ते यायचे. वरचे साहेब एकमेकांना सांगायचे, गावाकडचं मरगळेंना विचारा. कसं कळतं, ते कुणी विचारत नव्हतं. त्या खात्यात तसं विचारायची रीत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी कोळवणच्या खोऱ्यातनं एक रुंद रस्ता काढायचं ठरलं होतं. मोजणीवाले यायच्या आधी वाल्मीकच्या ओटीवर नऊजण बसले. दहावा गेणबा, खांबाला टेकून बशीतनं चहा पीत. वाल्मीक म्हणाला, "दगड रोवू द्या त्यांना. आपुन उपटून ओढ्यात टाकू." सगळे हसले. गेणबाही हसला, आणि रविवारी भावाला हसत हसतच त्यानं ते सांगितलं.

दत्तानं तीन ओळी लिहून वर पाठवल्या.

मोजणीच्या आदल्या दिवशी नऊच्या नऊ जणांना उचललं. चौकीत अधिकाऱ्यानं कागद काढून वाल्मीकचंच वाक्य त्याला वाचून दाखवलं, ओढ्यासकट. नऊजण आत आणि दहावा बाहेर, म्हटल्यावर कोडं सोडवायला कशाला कोण लागतंय! ती माणसं सुटून आली तेव्हा वाल्मीकच्या खाचरात दगड उभे होते. त्यानं अंथरूण धरलं. शिमग्याच्या आधी गेला.

पुढच्या दिवाळीनंतर गेणबा वाघर घेऊन खोऱ्यात उतरला, तर एकानंही खाचर दिलं नाही. कोळवणात नाही, पुढच्या गावात नाही, त्याच्या पुढच्या गावातही नाही. त्याच्या आधी त्याचं नाव चालत गेलेलं, फितूर धनगर. मेंढरं रस्त्याच्या कडेला बसवून किती दिवस काढणार? दोन वर्षांत कळप मोडला. मोकळी वाघर गुंडाळून त्यानं माळ्यावर टाकली.

दत्ताला त्यातलं काहीच कळलं नाही. तो राज्यातनं दिल्लीला गेला, एकेक पायरी चढत खात्याच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसला. रविवारचा फोन चालूच होता. फक्त पलीकडनं आता एवढंच यायचं, "ठीक हाय. समदी बरी हायेत. तू जेवलास का?" कळप विकला म्हटल्यावर दत्ताला वाटलं, चांद्याचा माळ सोसायट्यांनी खाल्ला, चारायचं कुठं, म्हणून विकला असेल. सगळ्या देशाचं ऐकायला बसलेल्या माणसाला भावाचं गप्प होणं ऐकू आलं नाही.

आता उशाशी बसल्यावर त्यानं सहज विचारलं, "दादा, कोळवणचं कुणी तुला बघायला आलं नाही?"

गेणबानं भिंतीकडं तोंड केलं.

सोनालीनं मागल्या दारी भांडी घासता घासता सगळं सांगितलं. "नाना, माझ्या लग्नात कोळवणचं एक मानूस जेवलं न्हाई. माझ्या पोरीच्या, समीक्षाच्या बारशाला न्हाई. आबास्नी तोंडावर फितूर म्हनत्यात. आबा कायबी बोलत न्हाईत. तुमास्नी ठावं नव्हतं?"

"नाही."

"मंग तुमची नोकरी कसली हुती वो?"

दत्तानं त्याच दुपारी गाडी काढली. वाल्मीकची बायको साळूबाई ओटीवर पावटे सोलत बसलेली. समोर तोच रुंद रस्ता, त्यावरनं शहरातल्या लोकांच्या जीपगाड्या शेतघरांकडं चाललेल्या.

"वहिनी, मी दत्ता. गेणबाचा भाऊ."

"वळखलं. फलकावर फोटू बघितला की तुमचा." तिनं बसायला सांगितलं नाही. पावटे सोलत राहिली.

तो उभ्यानंच बोलला. फोन, पेन्सिल, तीन ओळी. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी बातमी कुठून आली ते सांगत होता. म्हणाला, "दादानं काही विकलं नाही. तो माझ्याशी बोलला. केलं ते मी."

"मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?" दत्तानं विचारलं.

"गेनबा आला हुता, मालक गेल्यावर. हितंच, पायरीवर बसला. म्हनला, वहिनी, माज्या तोंडातनं गेलं, भावाच्या कानात गेलं. म्या म्हनलं, येवढंच उभ्या गावात बोल. भावानं केलं म्हून सांग, आन् उद्याच्याला माज्या खाचरात वाघर लाव. तर न्हाई म्हनला. भावाची मोठी नोकरी हाय म्हनला." तिनं टरफलं पदरातनं झटकली. "येडाच. कळप मोडला, पर तुमचं नाव न्हाई काढलं."

"मी आता काय करू, वहिनी?"

"मला काय इचारता? माज्या एकटीच्या कानात सांगून काय हुतंय? समद्यांपुढं बोला."

संध्याकाळी पुण्याजवळच्या सूसच्या फ्लॅटमधनं सुनीतीचा फोन आला. सत्कारात सगळ्यांपुढं बोलणार, असं त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली, "असं बोलायची परवानगी असते का तुम्हाला?"

"नसते."

"मग?"

"दादाला फार दिवस नाहीत गं."

चारच दिवसांनी सत्कार होता. दत्तानं गावकऱ्यांना एकच अट घातली, कोळवणच्या लोकांना बोलवा. त्या नऊ जणांतले पाच जण हयात होते. त्यांतले हैबतराव, मागचे सरपंच, पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून बसले. शाल झाली, श्रीफळ झालं. दत्ता माईकपुढं उभा राहिला. भाषण त्यानं कधी केलेलं नव्हतं.

"एकोणीस वर्षांपूर्वी तुम्हाला धरून नेलं. ती बातमी माझ्या भावानं विकली नाही. तो फोनवर माझ्याशी बोलला, भाऊ म्हणून. मी ती लिहून वर पाठवली. वाल्मीकचं वाक्यसुद्धा मीच लिहिलं. फितूर म्हणायचं तर मला म्हणा. गेणबाला म्हणू नका."

मग हैबतराव उठले. त्यांचे डोळे भरलेले. त्यांनी दत्ताला मिठी मारली आणि माईक हातात घेतला.

"ऐकलंत? ह्याला म्हनत्यात भाऊ! एवढा मोठा सायेब, आन् मरनाच्या दारातल्या भावापायी त्याचं पाप आपल्या अंगावर घेतुया! आरं, असा भाऊ आपल्या पाठीला येतुया का?"

टाळ्या पडल्या.

"नाही हो, खरं आहे ते," दत्ता म्हणाला. "तुम्ही ऐका, खरंच मी..."

टाळ्या वाढल्या. कुणीतरी घोषणा दिली. पस्तीस वर्षं त्याची प्रत्येक ओळ लोकांनी पुराव्याशिवाय खरी मानली होती. हीच एक कुणी मानेना. जाताना हैबतराव कानाशी म्हणाले, "सायेब, गेनबाला आमी माफ केलं म्हून सांगा. तुमच्या तोंडाकडं बघून."

तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. गेणबा उशीला टेकून बसलेला, धाप लागलेली.

"कुनी सांगितलं हुतं रं तुला बोलायला?"

"दादा, तुझं नाव..."

"माज्या नावाचं काय लोनचं घालायचंय? एकुनीस वर्सं मी तोंड शिवून बसलो. कळप मोडला, पर म्हनलं, ह्याचं तरी निर्मळ ऱ्हावं. आन् तू माफी घिऊन आलास माजी! म्या काय केलं हुतं रं माफीजोगं?" त्याला खोकला आला. दत्तानं पाण्याचा तांब्या पुढं केला. गेणबानं तो सोनालीच्या हातनं घेतला.

त्या दिवसापासनं तो दत्ताशी बोलला नाही. भांडला असता तरी चाललं असतं. विचारलं की मान हलवायचा, तेवढंच.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी साळूबाई एसटीनं आली. फडक्यात पावटे बांधून आणलेले. ती गेणबाच्या खाटेशी जमिनीवर बसली. दत्ता आतल्या खोलीत होता.

"म्या सांगितलं समद्यास्नी," ती म्हणाली. "सायेब खरं बोलला म्हून. तर मलाच म्हनत्यात, म्हातारीला सायबानं पढवली."

"जाऊ द्या, वहिनी."

"भात निघालं की बसीव मेंढरं. रस्त्यातनं उरल्यालं माजं खाचर मोकळं हाय."

"मेंढरं कुटं हायेत आता?"

"व्हय," साळूबाई म्हणाली. "ते बी हायच."

मग गेणबानं विचारलं, तिचा तांबडा बैल हाय का अजून. न्हाई, त्यो कवाच गेला. ओढ्याच्या वरचं जांभळाचं झाड? रस्त्यात गेलं. पावट्याला यंदा कीड हाय का? गेणबाचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. खोकत खोकत तो बोलू लागला, या गावचं, त्या गावचं, वीस वर्षांपूर्वीचं, कोण कुणाला काय म्हणालं ते. साळूबाई मधेच हसली.

आतल्या खोलीत दत्ता कान देऊन ऐकत होता. हा आवाज त्यानं एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता. त्याला राहवेना. तो उठून उंबऱ्याशी आला.

दोघंही बोलायची थांबली.